वुई हॅव अ मेड

"वुई हॅव अ मेड."

मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्यामागून आम्ही सगळ्या मुली म्हणायला लागलो. त्याआधी वुई हॅव अ सोफा झालं होतं. वुई हॅव अ फ्रिज झालं होतं. मॅडम एकेका वस्तूकडं बोट करायच्या, आम्ही सुरात ओरडायचो. मग बोट वळलं दाराकडं. दारात माझी आई उभी होती, हातात ओलं फडकं घेऊन.

आई हसली. तिला वाटलं, मॅडम काहीतरी चांगलं बोलतायत.

माझा आवाज 'हॅव'पर्यंत आला आणि पुढं गेला नाही. बाकीच्या मुलींनी वाक्य पुरं केलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण त्यात हसण्यासारखं कुणाला काही दिसलंच नाही. सोफ्यासारखी आई. वाक्य अगदी बरोबर होतं. ती माझी आई आहे हे मुलींना माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं.

आमचं गाव हिर्डोशी, वरंधा घाटाकडं. भात, नाचणी, आणि एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. बारावीसाठी मला भोरात राहणं भाग होतं, म्हणून आई माझ्याबरोबर आली आणि आम्ही मायलेकींनी एक खोली घेतली. वडील शेताकडं राहिले. मला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या प्रवेशाला मुलाखत इंग्रजीत घेतात असं ऐकलं होतं, आणि माझं इंग्रजी म्हणजे नुसता आनंदीआनंद. आई ज्या मॅडमकडं धुणीभांडी करायची, त्या घरीच इंग्रजी बोलायला शिकवायच्या. आईनं शब्द टाकला. मॅडम लगेच म्हणाल्या, पाठव तिला. मनानं वाईट नव्हत्या त्या. म्हणूनच मला आजही त्यांचा धड राग करता येत नाही.

पहिल्या दिवशी आईनं मला त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवलं.

"तितं मला आई म्हनू नगंस. पोरी मोठ्या घरच्या हायेत. हसत्याल तुला."

"मग काय म्हनू?"

"काय बी म्हनू नगंस. म्या मागल्या दारानं जाते. तू फुडनं ये."

तेव्हापासून रोज त्या कोपऱ्यावर आम्ही वेगळ्या व्हायचो. ती मागं, मी पुढं. मी खुर्चीवर बसून आय हॅव, यू हॅव करायचे आणि माझा कान मोरीकडं असायचा. आई भांडी आपटत नाही, हलकेच ठेवते. तो आवाज मला ओळखू यायचा. शेजारी मुली बसलेल्या असायच्या, भिंतीपलीकडं आई असायची, आणि मी मात्र कुणाचीच नव्हते. त्या घरात मला इतकं एकटं वाटायचं की वर्ग सुटला की आधी रडू यायचं, मग भूक लागायची.

शनिवारी मॅडम सगळ्यांना चहा द्यायच्या. ती त्यांची शिकवायची पद्धत होती. कप हातात घ्यायचा, शेजारणीपुढं धरायचा आणि म्हणायचं, प्लीज हॅव सम टी. तिनं थँक यू म्हणायचं. रोज घरात जे बोलतो तेच इंग्रजीत बोलायचं, लाजायचं नाही, असं मॅडम सांगायच्या. ट्रे आई आणायची. फुलाफुलांचे कप. आईचा कप वेगळा होता, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. फुलांचे कप तिनं घासायचे आणि मी त्यातून चहा प्यायचा.

'वुई हॅव अ मेड' झालं त्याच आठवड्यातला शनिवार. मी ओळीत शेवटची. मला शेजारीण उरली नाही.

मॅडम म्हणाल्या, "असू दे. खोलीत जे कुणी आहे त्यांना विचार."

आई रिकामा ट्रे घेऊन माझ्याजवळच उभी होती. मी कप उचलला. उठले. आईपुढं धरला.

"प्लीज हॅव सम टी."

आईनं डोळ्यांनीच नको नको केलं. ट्रे छातीशी घट्ट धरला.

"मला नगं, ताई," ती म्हणाली.

ताई. माझी आई मला ताई म्हणाली. मला लाज वाटू नये म्हणून. मी लहानपणी तापात फणफणले तेव्हा मला पाठीवर घेऊन घाटरस्त्यानं चालत आलेली बाई मला ताई म्हणाली.

"आई, घे," मी म्हणाले. मराठीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अगं, तिचा कप आत आहे," मॅडम म्हणाल्या. "तिला सवय आहे."

मी आत गेले. खिडकीतला तुटका कप घेतला, त्यात माझा चहा ओतला आणि मोरीशी जमिनीवर बसून प्यायले. पुढच्या खोलीत परत गेले नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

बाहेर पडताना पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच, मागच्या दारानं निघालो. खोलीवर आल्यावर आईनं चूल पेटवावी तसा स्टोव्ह पेटवला आणि पाठमोरीच म्हणाली, "तुला शिकाया धाडलं व्हतं. माझी मान खाली घालाया न्हाई."

ती तिथं कामाला जातच राहिली. मी घरी मोबाईलवर बघून एकटीच भिंतीशी इंग्रजी बोलत राहिले. त्या मुली बाजारात दिसल्या की दुसरीकडं बघायच्या. आई घरात असूनही कित्येक दिवस घर सुनं होतं. मी तिच्यासाठी बोलले होते आणि तिलाच ते नको होतं. याच्याइतकं एकटेपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आज मी नर्स आहे. इंग्रजी रोज बोलते, धडाधड बोलते. आई मला भेटायला येते तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहते. भाकरीचं गाठोडं वॉचमनकडं देते. मागच्या वेळी त्यानं विचारलं, कोण तुम्ही त्यांच्या? तर म्हणाली, गावाकडली हाय. आणि निघून गेली.

पुढच्या खेपेला मी फाटकावर जाईन. तिचा दंड धरून पुढच्या दारानं आत आणीन. डॉक्टर बसतात त्या खुर्चीवर बसवीन, मी पिते त्या कपात तिला चहा देईन आणि सगळ्यांसमोर तिला आई म्हणेन. कुणी इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत सांगेन.

ती नको म्हणाली तरी.