उलटा हात

वरोरच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात तलासरीहून एक वायरमन कामाला यायचा. मेन स्विच मी स्वतः बंद केला, तरी पॅनलला आधी उलटा हात लावून बघायचा; करंट असलाच तर मूठ आवळून हात चिकटू नये म्हणून.

"विश्वास नाही का?" मी एकदा विचारलं.

"तुमच्यावर आहे, शेठ. लाइटवर नाय."

विजांमध्ये कॉम्प्रेसर जळू नये म्हणून त्यानंच सर्ज प्रोटेक्टर बसवला होता. हिरव्या खिडकीची काडेपेटीएवढी डबी. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जवळच वीज पडली. खिडकी लाल झाली, म्हणजे डबी जळाली; कॉम्प्रेसर वाचला.

दसऱ्याच्या दिवशी नवी डबी बसवायला तो आला, तेव्हा आम्ही कॉम्प्रेसरला हार घालत होतो. त्यानं जळकी डबी काढली, सरळ तळहातावर घेतली आणि तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

जळक्या डबीसाठी पुढे धरलेली भंगाराची पिशवी मी हळूच मागे घेतली.