लोखंडाच्या किसाची पुरचुंडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही खरं सांगितलं नाही. ती त्या दिवशी तिथेच होती, हसणाऱ्यांत होती, आणि शेवटपर्यंत मी दाखवलं तेच खरं मानून ती वारली.

आम्ही गाझियाबादला आलो तेव्हा नव्या सोसायट्यांच्या भिंतींना अजून प्लॅस्टर लागत होतं. मी रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. ड्रम आला की त्यात भेसळ आहे असं धरूनच झाकण उघडायचं, हे माझं काम. हळूहळू घरीही तेच सुरू झालं. दूधवाला, गॅसवाला, केबलवाला, सगळ्यांकडे मी त्याच नजरेने बघायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचो, त्यामुळे सवय वाढत गेली.

एका वर्षी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांचे विज्ञानाचे प्रयोग ठेवले होते, आणि परीक्षक मी. सकाळी पार्कात टेबलं मांडताना एक गृहस्थ जवळ आले. साताऱ्याकडचे, एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. मंडळात नेहमी मागच्या रांगेत बसत.

"साहेब, पोरगी दहावीला आहे. सायन्स सायन्स करतीय. मला त्यातलं कळत नाही. तिच्यात खरंच काही असलं तर कसंही करून शिकवीन. नाहीतर टायपिंगला घालतो. तुम्ही बघा आणि सांगा. तुम्ही म्हणाल ते."

बाकीच्या टेबलांवर सोड्याचे ज्वालामुखी होते, लिंबावर पेटणारा दिवा होता, चुनकळीवर पाणी ओतून वाफ काढणं चाललं होतं. तिच्या टेबलावर एक कापडी पुरचुंडी आणि थर्मामीटर. पुरचुंडी हातात घेतली तर गरम.

"यात काय आहे?"

"लोखंडाचा कीस, काका. पप्पांच्या लेथखालचा. कोळशाची पूड, मीठ आणि ओला भुसा. हवा लागली की जंग लगता है ना, त्याच्याने गरम होतं. आत्ताच प्लॅस्टिकमधून काढलीय. दहा मिनिटं थांबा, अजून वाढेल."

लोखंड गंजताना उष्णता निघते हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण गंजलेलं फाटक कधी कुणाच्या हाताला गरम लागलंय? शिवाय असली पुरचुंडी आमच्या घराघरांत असायची. मीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि दुखऱ्या गुडघ्याला शेक द्यायचा.

"घरून तव्यावर तापवून आणलीस ना?"

"नाही काका. सच्ची."

"मग उघडून बघू?"

तिने एकदा वडिलांकडे पाहिलं. "बघा."

मी कात्रीने शिवण उसवली आणि सगळं वर्तमानपत्रावर ओतलं. काळ्या भुकटीत मिठाचे खडे चमकत होते. मीठ आहे हे तिनेच सांगितलं होतं. तरी मी एक खडा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. मीठ!"

"अगंबाई, हा तर आमच्या सासूबाईंचा शेक!" माझी बायको म्हणाली. "पहिला नंबर त्यांनाच द्या!"

सगळे हसले. तेवढ्या वेळात मूठभर भुकटी माझ्या तळहातावर होती. तव्यावर तापवलेलं काहीही जानेवारीच्या त्या हवेत निवायला हवं होतं. ते निवत नव्हतं. मी बोटाने ढवळलं तसं ते आणखी तापलं, इतकं की मला हात बदलावा लागला.

वडील पुढे आले. "साहेब, लबाडी आहे का?"

मुलगी रडत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या हाताला काय कळतंय, हे तिला ठाऊक होतं.

"मुलं आहेत. चालायचंच," मी म्हणालो, भुकटी कागदावर टाकली आणि हात रुमालाने पुसला.

लबाडी हा शब्द मी उच्चारला नाही, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालत आलो. पण त्या माणसाला जे कळायचं ते कळलं. तिचे वडील आमच्यातले कुणी मॅनेजर असते तर मी ती दहा मिनिटं थांबलो असतो, असा मला स्वतःबद्दल संशय आहे. तो खोटा ठरवील असं मला अजून काही सापडलेलं नाही.

पुढच्या जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली. बापलेक माझ्या पुढच्याच सीटवर होते. सोनीपत येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात तिने वळून तिळाच्या वड्यांचा डबा पुढे केला.

"घ्या काका."

"काय करतेस आता?"

"टायपिंग. आता स्पीड येतोय."

"अच्छा."

"बरं झालं साहेब, तुम्ही वेळेत दाखवून दिलंत," वडील म्हणाले. "उगाच नादी लागली असती."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मी वडी तोंडात टाकली आणि छान झालीय म्हणालो.

वर्षभरात ते गावी परत गेले. पत्ता काढणं अवघड नव्हतं. मी काढला नाही. त्या बसमध्ये मला म्हणायचं होतं ते एवढंच: तुमची मुलगी खरं बोलत होती. मला तिथेच, हातात धरल्यावर कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. बाळ, चूक माझी होती. मला माफ कर.