दुसऱ्याचा समुद्र

वसईजवळच्या आमच्या सातिवलीच्या युनिटमध्ये बरण्यांची झाकणं बनतात. रोज थोडीफार वाकडी निघतात. ती नंतर टाकू म्हणून कुणीतरी टेबलाखाली सरकवतं आणि महिन्याभराने बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच होतं. त्यातही आमच्या पाँडिचेरी ट्रिपचे किस्से इतके साठलेत, की नवीन माणूस कामाला लागला तर त्याला मशीन नंतर दाखवतो, पाँडिचेरी आधी सांगतो.

ऐकणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, की पाँडिचेरी कशी आहे?

ते आम्हाला माहीत नाही.

*

सुरुवात लोपीसबाईंपासून झाली. फिलोमिना लोपीस, आमच्या क्वालिटी इन्चार्ज. निर्मळला घर, घरामागे केळीची आणि फुलांची वाडी. जेवणाच्या सुट्टीत आमचं टेबल बाईच चालवायच्या. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाच्या भाचीचं कुठं जमतंय, सगळी चौकशी त्यांच्याकडे. मग त्यांचे मिस्टर, पास्कलभाऊ, अचानक गेले. बाई महिन्याभराने कामावर आल्या. काम पूर्वीसारखंच चोख, पण जेवताना मान खाली घालून डब्याकडे बघत बसायच्या. आम्हीही मग बोलायचे थांबलो. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

एके दिवशी नितीनला राहवलं नाही. नितीन म्हणजे आमचा अकाउंट्सवाला, बोळिंजला माझ्याच सोसायटीत राहतो. तो म्हणाला की आपण सगळे मिळून कुठंतरी जाऊ या. बोलला सगळ्यांना, बघत होता बाईंकडे. बाई नको म्हणणार याची आम्हाला खात्री होती.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, मला समुद्र बघायचाय.

आता निर्मळहून समुद्र म्हणजे स्कूटर चालू करून बंद करायची, एवढाच. भरत तांडेल, आमचा डिस्पॅचवाला, अर्नाळ्याचा. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

"आपला नको," बाई म्हणाल्या. "आपला रोज बघते. दुसऱ्याचा दाखवा."

दोन वर्षांत त्या टेबलावर त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. म्हणजे ट्रिप आता करणं भाग होतं.

*

दुसऱ्याचा समुद्र शोधणं सोपं नव्हतं, कारण आमचे प्रॉडक्शन मॅनेजर सावंत मालवणचे. त्यांच्या मते समुद्र एकच, आणि तो कुठं आहे हे सांगायची गरज नाही.

नितीनने अलिबाग सुचवलं. सावंत म्हणाले, तिथं पाण्यापेक्षा मुंबईचे लोक जास्त. कोची म्हटलं, तर तिथली माशाची आमटी ते फोटोवरूनच नापास करून मोकळे झाले. शेवटी नितीनने हुकमी एक्का टाकला, गोवा.

सावंतांनी शांतपणे ताक प्यायलं. "गोव्याचा समुद्र आमचाच आहे. आमचा वापरून झाला की तिकडे जातो."

तेव्हा नितीनने पाँडिचेरी काढली. स्वच्छ रस्ते, पिवळ्या भिंतींची जुनी घरं, बोगनवेल, समुद्राला लागून फिरायला लांबलचक रस्ता आणि बाराही महिने लख्ख ऊन. सावंत हात धुऊन आले. मग म्हणाले, तिकडे आपलं कुणी नाही, त्यामुळे नावं ठेवता येत नाहीत. अशा रीतीने पाँडिचेरी पास झाली.

*

पास झाली असं आम्हाला वाटलं. भरतचं राहिलं होतं.

नितीन मोबाइलवर फोटो दाखवत होता. समुद्रावर लालबुंद सूर्य. भरत म्हणाला, छान आहे, संध्याकाळी आपण इथं बसू. नितीन म्हणाला, हा फोटो सकाळचा आहे. तिथं सूर्य समुद्रातून वर येतो.

भरतने फोटो परत बघितला. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे दर्यावर गेलेले. त्यांच्या सात पिढ्यांनी सूर्याला पाण्यात जाताना पाहिलं होतं, बाहेर येताना कुणी नाही. नितीनने नकाशा उघडला. देशाच्या या बाजूला आपण, त्या बाजूला ते, असं सगळं समजावलं. भरतला नकाशा कळतो, रोज ट्रक पाठवतो तो. त्याने मान डोलावली आणि ट्रक भरायला गेला. आम्हाला वाटलं, पटलं.

संध्याकाळी कार्ड पंच करताना माझ्याजवळ आला. चेहरा खरोखर काळजीचा होता.

"ताई, मग तिकडचे लोक संध्याकाळी पान्याकडे तोंड करून बघतात तरी काय?"



*

सगळ्यांनी एकदम सुट्टी घ्यायची म्हणजे शेठना विचारायला हवं. मी, सावंत आणि नितीन केबिनमध्ये गेलो. सावंतांनी लोपीसबाईंचं कारण सांगितलं. शेठ ऐकून हळवे झाले. लगेच हो म्हणाले. आम्ही उठणार एवढ्यात म्हणाले, पाँडिचेरी मलाही बघायची आहे, मीपण येतो.

आम्ही परत खाली बसलो. मालकाबरोबर ट्रिपला जायचं म्हणजे समुद्रावर बसून झाकणांचं टार्गेट ऐकायचं. सावंतांनी प्रयत्न केला. म्हणाले, शेठ, तिथं जिकडेतिकडे मासळी, तुम्ही शुद्ध शाकाहारी, तुमचे हाल होतील. शेठ म्हणाले, थेपले घेऊन येतो, सगळ्यांना पुरतील एवढे. नितीन म्हणाला, ऊन फार असतं. शेठ म्हणाले, टोपी आहे.

पुढचे दोन दिवस शेठ फार खुशीत होते. गॉगल लावून मोल्डिंग मशीनांमधून एक चक्करही मारली त्यांनी. तिसऱ्या दिवशी गॉगल नव्हता. आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाले की तुम्हीच जाऊन या. घरी विचारलं होतं. शेठाणींचं म्हणणं, समुद्रच बघायचा तर विमान कशाला, दमणला गाडीने जाऊ, येताना माहेरीही जाता येईल.

आम्ही वाईट वाटल्याचा चेहरा केला. शेठनी सुट्टीच्या अर्जांवर सह्या केल्या आणि पेन खाली ठेवत म्हणाले, "नशीबवान आहात तुम्ही लोक. तुम्हाला फक्त माझी परवानगी लागते."

*

राहायला नितीनने एक जुनं घर शोधलं होतं. समुद्राला लागून, मालकीण खाली राहते, वरच्या खोल्या भाड्याने देते. अडचण एकच. मालकीणबाईंना हिंदी येत नव्हती आणि इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'फुल' आणि 'नो'. नितीनने चार वेळा फोन केला. दोनदा 'फुल' मिळालं, दोनदा 'नो'.

नितीन दुसरं घर बघणार होता, तेवढ्यात लोपीसबाईंनी डबा बाजूला सारून हात पुढे केला. म्हणाल्या, फोन दे इकडे. त्या फोन घेऊन बाहेर गेटजवळ गेल्या. आत मशीन चालू, त्यामुळे आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, काचेतून नुसत्या दिसत होत्या. आधी उभ्या होत्या. मग वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या. मग पायातली चप्पल काढून निवांत मांडी घालून बसल्या.

जेवणाची सुट्टी संपली, तेव्हा आत आल्या. म्हणाल्या, तिचं नाव रेजिना. खोल्या मिळाल्या, समुद्राच्या बाजूच्या. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून पहिल्यांदा चिडते. सुनेला दिवस गेलेत. आणि तिचाही नवरा गेलाय, पास्कलच्याच महिन्यात.

नितीनने विचारलं की बाई, तुम्ही कुठल्या भाषेत बोललात? तोवर बाई आपल्या टेबलाशी पोचल्या होत्या.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी रेजिनाबाईंचा फोन यायला लागला. सावंतांचा अंदाज होता की निर्मळच्या जुन्या ख्रिस्ती घरांत थोडं पोर्तुगीज उरलं असणार, आणि पाँडिचेरीत फ्रेंच, त्यामुळे जमत असेल. नितीन म्हणाला, तमिळ असणार, चर्चमध्ये कुणाकडून तरी शिकल्या असतील. बाई घरच्यांशी फोनवर बोलतात तेव्हा त्यांची घरची बोली आम्हाला एक अक्षर कळत नाही. त्यामुळे त्या कधी कुठली भाषा बोलताहेत, हे आम्हाला ओळखता येणं शक्यच नव्हतं.

*

विमानात बॅगेचं वजन बघतात म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या बॅगा डिस्पॅचच्या काट्यावर आणल्या. बाईंची सगळ्यात जड निघाली. उघडली, तर कपडे थोडे आणि सुकेळी जास्त. म्हणजे आमच्या वसईची उन्हात वाळवलेली केळी, पानात गुंडाळून बांधलेली. सगळी रेजिनासाठी. नितीनने थोडी कमी करा म्हटलं, बाईंनी दोन साड्या कमी केल्या.

तेवढ्यात वापीचा ट्रक लागला. गडबडीत खोके चढले, ट्रक गेला आणि मग कळलं की बाईंची बॅगही गेली. भरतचा चेहरा उतरला. त्याने ड्रायव्हरला फोन लावला तर लागेना. वापीला आमचं गिऱ्हाईक म्हणजे लोणचीवाला, कडक माणूस, एक झाकण कमी भरलं तरी मेल पाठवतो. सावंतांनी माफी मागायची तयारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. म्हणाला, बॅग सापडली, कपडे परत पाठवतो. पुढे म्हणाला, झाकणं नेहमीसारखीच आहेत. पण ते दुसरं प्रॉडक्ट फार चांगलं आहे, त्याची ऑर्डर कुणाकडे द्यायची?

*

निघायच्या आदल्या दिवशी पाँडिचेरीत वादळ आलं. बाराही महिने लख्ख ऊन असलेल्या त्या शहरात बातम्यांमध्ये लोक होडीत बसून भाजी आणायला जात होते. विमान रद्द झालं. सुट्टी पुढे ढकलावी तर पुढे लोणच्याचा सीझन, शेठ सोडणार नाहीत. आम्ही सगळे नितीनकडे बघत होतो, जणू वादळ त्यानेच बुक केलं होतं.

 बाईंनी वापीहून परत आलेली बॅग टेबलाखाली सरकवली आणि मान खाली घालून डबा उघडला.  ती आधीची दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे आली.

मग फोन वाजला. बाई गेटपाशी गेल्या. या वेळी मांडी घातली नाही, उभ्यानेच बोलत होत्या, मधेच पदराने डोळे पुसत होत्या. आत आल्यावर मी हळूच विचारलं, रेजिनाबाई बऱ्या आहेत ना?

"घरात पाणी शिरलंय तिच्या," बाई म्हणाल्या. "ती येतेय."

*

आणि खरंच आली. तिचा भाचा बंगळुरूला नोकरीला, तो तिला घेऊन आला आणि निर्मळला सोडून मुंबईत आपल्या कामाला गेला. वयाने बाईंपेक्षा थोडी मोठी, ठेंगणी, केसांत फुलं, हातात काठी. पायरीवर दोघी एकमेकींना बघून आधी थबकल्या. मग लोपीसबाईंनी तिच्या डाव्या गुडघ्याला हात लावून काहीतरी विचारलं, आणि दोघी जे बोलायला लागल्या ते आठवडाभर थांबल्याच नाहीत.

मंजूर झालेली सुट्टी आम्ही वाया घालवली नाही. रोज निर्मळला जायचो. भरत पापलेटं आणायचा, सावंत ती कशी करायची ते सांगायचे, आणि कुणीच त्यांचं ऐकायचं नाही. दोघी वाडीत फुलं तोडत, हार ओवत, भाजी निवडत बोलत असायच्या. एक बोलली की दुसरी हुंकार द्यायची, मधेच दोघी हसायच्या, एकदा तर विहिरीच्या कट्ट्यावर बसून दोघी रडल्या आणि उठून चहा केला. सावंत कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, तमिळच आहे, बाई काय अस्खलित बोलतात.

भाचा न्यायला आला तेव्हा नितीनने त्याला गाठून सगळं विचारलं. गुडघा खरा. सुनेला दिवस गेलेत, खरं. मावशीचे यजमान कधी गेले, तोही महिना बरोबर.

निघताना रेजिनाबाईंनी आम्हा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यापाशी आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत बघत बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या.  मला गलबलून आलं, पण शब्द एकही कळेना. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी लोपीसबाईंना विचारलं, बाई, काय म्हणत होत्या हो त्या मला?

बाई रस्त्याकडे बघत हात हलवत होत्या. अजून हसत होत्या.

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "मला तिची भाषा कुठं येते."