सायलेन्सर घासणारी चौकडी

चार माणसं आणि चार जुन्या मोटारगाड्या एका अंगणात आल्या, की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपोआप साचतात, आणि चहा आला की कोणीतरी एखादा उकरून काढतोच.

अंगण माझं, चिखलीतलं. मी शाळेत गणित शिकवतो. रमेशभाऊंचं बियाण्यांचं दुकान आहे, सुधाकर एसटीचा ड्रायव्हर, आणि डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर. चौघांच्याही गाड्यांचे लोखंडी सायलेन्सर गंजून गेले, तेव्हा एकाचं पाहून दुसऱ्यानं असं करत सगळ्यांनी स्टेनलेस स्टीलचे बसवून घेतले. तिथून आमचे रविवार बिघडले. सायलेन्सर खोलायचा, पोत्यावर ठेवायचा आणि पॉलिश लावून घासत बसायचं!

* * *

सुरुवात रमेशभाऊंनी केली, तीही स्वतःच्या घरी. स्वयंपाकघरातली घासणी गुपचूप उचलली आणि बाहेरच्या ओट्यावर बसून तासभर सायलेन्सरची नळी घासली. मान खाली, कपाळावर घाम.

वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. आत गेल्या, आणि कुकर, कढई, चार ताटं आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काऊन आनलं?"

"हे बी स्टीलच हाये!"

* * *

सुधाकरनं तर नळीचा आरसा केला. मग खूश होऊन उघड्या हातानं तीच नळी धरली, गाडीला बसवली आणि इंजिन चालू केलं. पॉलिशनंतर नळी थिनरनं पुसायची असते, नाहीतर हाताचा तेलकटपणा तापून स्टीलवर पक्का बसतो. हे फिटरनं सांगितलं, पण नंतर!

तोवर नळीवर पाची बोटं तपकिरी उमटली होती. त्याची आई अंगण झाडायला आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रे सुधाकर, गाडीले थापड कोनं हानली?"

* * *

दुसरी गंमतही सुधाकरचीच. इंजिनाजवळचं, नळीच्या गळ्याचं स्टील तापलं की निळं पडतं. त्यात बिघाड काही नसतो, पण हे त्याला माहीत नव्हतं. घाबरून त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तेव्हा एका गोठ्यात गाईचं पोट तपासत होते.

"डॉक्टर, गळ्यापाशी निळं-जांभळं पडलं हो!"

"कवापासून?"

"काल मेहकरले जाऊन आलो, तवापासून."

"शेण टाकून राह्यलं काय?"

सुधाकर म्हणाला, "नाही... धूर टाकून राह्यला!"

* * *

चमक आली, आता ती टिकवायची कशी? रमेशभाऊ म्हणाले, "आपन विळ्याले तेल लावून ठेवतो का नाही? तसंच!" आणि फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल चांगलं चोळून लावलं. त्याच दिवशी आम्ही चौघं त्यांच्या गाडीतून डोणगावला लग्नाला गेलो.

मांडवाशी पोचेपर्यंत सायलेन्सर पुरता तापला होता. गाडीखालून धूर आणि खमंग वास! आम्ही दारं उघडून बाहेर पडतोय, तोच नवरदेवाचे मामा लगबगीनं आले. आम्हाला वाटलं, गाडी पेटली म्हणून ओरडतील.

मामा म्हणाले, "भाऊ, गरम भजे हिकडल्या पंगतीत बी येऊ द्या!"

* * *

मी हसतो खरा, पण माझीही एक गोष्ट आहे. एकदा इतकं सुंदर पॉलिश झालं, की गाडी रस्त्यावर काढायला मन होईना. चिखल उडेल, डाग पडतील! आठवडाभर गाडी अंगणात झाकून ठेवली आणि शाळेत सायकलवर गेलो. शेवटी मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "सर, गाडी बिघडली काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही सर, चमकून राह्यली!"

* * *

पण सगळ्यांत भारी किस्सा डॉक्टरांचा. मी स्वतः सोबत होतो.

जवळच्या खेड्यातल्या एका मावशीचा बोकड आजारी होता. मावशी एकटीच राहायची, घरात दुसरा जीव म्हणजे तो बोकड. डॉक्टरांनी गाडी मागं घेत अंगणात लावली. बोकड गाडीच्या मागेच खाली पडलेला, मान टाकून.

"दोन दिवसांपासून उठला नाही, डॉक्टर. पाला तोंडासमोर धरला तरी पाहत नाही," मावशी म्हणाली. "वाचते ना हो?"

डॉक्टरांनी ताप पाहिला, पोट चाचपलं, पापणी उलटून पाहिली. चेहरा गंभीर केला. "सुई द्या लागते. पाहू." आणि ते बॅग आणायला पुढच्या दाराकडे गेले.

तेवढ्यात बोकडानं मान वर केली. बंपरखाली डॉक्टरांचा सायलेन्सर लखलखत होता. बोकड त्यात दिसणाऱ्या दुसऱ्या बोकडाकडे एकटक पाहत राहिला. कान ताठ झाले. मग पुढचे पाय टेकवले, मागचे टेकवले, आणि उभा राहिला! दोन पावलं मागं सरकला, आणि मान खाली घालून धाडकन सायलेन्सरला टक्कर!

डॉक्टर सुई घेऊन धावत आले. सायलेन्सरला नारळाएवढा पोचा. बोकडानं अंग झटकलं, वळला, आणि मावशीच्या हातातला पाला ओढून खायला लागला.

डॉक्टर पोच्याकडे पाहत, हातात सुई धरून तसेच बसले. मावशीनं एकदा बोकडाकडं पाहिलं, एकदा गाडीखाली पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि हात जोडले.

"डॉक्टर, सुई राहू द्या. ते नळकांडं तेवढं दोन दिवस ठेवून जा!"