पट्ट्यावर फुटलं ते माझं

यवतच्या अयुब मणेरकडं भाव विचारायला गेलेलं गिऱ्हाईक एक वाक्य ऐकल्याशिवाय परत येत नाही. "माझ्या पट्ट्यावर फुटलं, ते माझं." काहींना ही शेखी वाटते, काहींना वाटतं माणूस जरा खुळा आहे. अयुब दोघांनाही चहा पाजतो.

तो कन्व्हेअर बनवतो, म्हणजे गाडीतून उतरलेला माल पुढं नेणारे फिरते पट्टे. खडी किंवा सिमेंटची पोती घेऊन कुणी आलं, तर त्याला तो सरळ दुसऱ्याचा नंबर देतो. त्याच्याकडं कामं येतात ती नाजूक मालाची: डाळिंबं, टोमॅटो, गुळाच्या ढेपा, अंडी. ढेपेचा कोपरा उडाला की व्यापारी भाव पाडतो. डाळिंबाला आतून बसलेला मार तर काही दिवसांनी दिसतो, आणि तेव्हा ओरडून उपयोग नसतो. अयुबच्या मते माल दुखावतो तो सांध्यात. एका जागेनं सोडलं आणि दुसरीनं अजून धरलं नाही, त्या मधल्या पोकळीत. "पडू द्यायचं न्हाई, सरकू द्यायचं," एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून पट्टा संपतो तिथं तो बोटाएवढा बारीक रोलर बसवतो, आणि शेवटच्या टेबलाखाली स्प्रिंगा लावतो, म्हणजे वजन येईल तसं टेबल आपोआप खाली दबतं.

वेल्डिंग तो पाबळला शिकला. ते वाक्य मात्र आईचं. मदिनाचाचीनं, सगळं यवत तिला असंच म्हणतं, उभा जन्म बायकांना बांगड्या भरण्यात घालवला. त्या धंद्याची रीत अशी की भरताना बांगडी पिचली तर ती भरणारीची. बाईनं हात आखडला असेल, बांगडी मुळातच तडकलेली असेल, तरी वाद घालायचा नाही. अयुबनं लोखंडाच्या धंद्यात काचेची रीत आणली, आणि आजवर ती त्याला जड गेली नव्हती.

जड गेली ती पाबळच्या अलीकडं, सत्यजीतच्या शेडवर. सत्यजीत हा तरुण मालक. आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांची अंडी टेम्पोनं त्याच्याकडं येतात, तिथं निवडली जातात आणि पुढं जातात. अयुबचा एक पट्टा त्यानं घेतला होता. तो नीट चालला तर आणखी दोन शेडची कामं अयुबलाच, असं ठरलं होतं. शिरूर तालुक्यातलं हे अयुबचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक. आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर तडकलेली अंडी यायला लागली.

"मामा, दोष कुठं हाय ते सांगा," सत्यजीतचा फोन आला. "न्हाईतर पट्टा घेऊन जा तुमचा."

तो बोलतो तसं करतोही. महिन्यापूर्वी एका गड्याच्या हातून ट्रे पडले, तर जेवणाच्या सुट्टीआधीच त्याला घरी धाडला होता.

अयुबनं एकेक सांधा उघडला, रोलरवरून तळहात फिरवला. काही सापडेना. मग त्याची मुलगी तहमीना सुट्टी टाकून बरोबर आली. ती रांजणगावच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. तिनं एक बनावट अंडं आणलं होतं. ते ट्रेमधल्या खऱ्या अंड्यांत ठेवलं की त्याला कुठं किती धक्का बसला ते मोबाईलवर रेघेनं दिसतं. सकाळभर ते अंडं ट्रेमधून फिरलं. मग बापलेक टेम्पोच्या सावलीत बसले.

"अब्बा, ही बघा. पट्ट्यावर रेघ सरळ. टेबलावर सरळ. उसळतीय ती त्याच्या आधी, गाडीतनं उचललेला ट्रे पट्ट्यावर ठेवताना. आन् तेबी दर टायमाला न्हाई. उतरवणाऱ्या बायांपैकी एकीच्याच हातनं होतंय हे. सुटलो आपण."

अयुबला हायसं वाटलं. ते लपवण्याइतका तो संत नाही. आता कुणाच्या हातून, एवढंच बघायचं राहिलं होतं, म्हणून तो पट्ट्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला.

बांगडीवाल्याच्या घरात वाढलेला माणूस बाईचं मनगट आधी बघतो आणि तोंड मग. बाया साडीवर पुरुषी शर्ट घालून काम करत होत्या. सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. त्यांतल्या एकीची, सविताची, उजवी बाही मात्र एवढ्या उन्हात तळव्यापर्यंत ओढलेली. कपाळाला कुंकू, डाव्या हातात हिरवा चुडा, आणि उजव्या बाहीआड ना काकणांचा आवाज, ना उंचवटा. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. इथं काकणं नव्हती, तरी आरसा लागला नाही. तिनं ट्रे पट्ट्याच्या काठापर्यंत जपून आणले, आणि अगदी शेवटी उजवा हात ढिला पडला. दोन बोटं उंचीवरून ते ट्रे पट्ट्यावर आदळले. तिनं ओठ आवळला आणि पुन्हा गाडीकडं गेली.

पाणी प्यायला ती माठाशी आली तेव्हा अयुबनं विचारलं, "हात कवापासनं सुजलाय?"

"कुठला हात?" ती म्हणाली. मग तिनं शेडकडं बघितलं. "बोलू नका मामा कुणाला. मला घरी बसून भागायचं न्हाई."

अयुबला तिची दया आली, पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला. एवढे सांधे जपले, आणि पहिलाच सांधा, गाडीपासून पट्ट्यापर्यंतचा, त्यानं चित्रात काढलाच नव्हता. तिथं बाया आहेत, म्हणून तिथं मशीन नको, असं तो धरून चालला होता. दुसरीकडं त्या दोन शेडची कामंही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तेवढ्यात सत्यजीत आला. "काय मामा, घावलं का?"

तहमीनानं मोबाईल पुढं केला. अयुबनं तिच्याकडं बघितलंच नाही.

"घावलं," तो म्हणाला. "दोष माझा हाय. पट्टा आखूड पडलाय. गाडीच्या आतवर जायला पायजे होता. मी लांबवून देतो, माझ्या खर्चानं."

"म्हंजी अंडी तुमच्या मशीननं फोडली?"

हा प्रश्न साधा नव्हता. दोन शेड त्याच्या उत्तरावर टांगलेल्या होत्या. "व्हय," अयुब म्हणाला.

सविता ट्रे घेऊन चार पावलांवर थबकली होती. तिनं ते ऐकलं. तहमीनानं मोबाईल पर्समध्ये टाकला.

दौंड तालुक्यातल्या माणसाला पेडगाव काही लांब नाही, पण अयुब इतक्या सहज वेड पांघरून तिकडं जाईल असं त्याच्या लेकीला वाटलं नव्हतं. भीमेच्या पुलावर गाडीत तिनं विषय काढला.

"खोटं बोललात अब्बा."

"खोटं काय त्यात? ती जागा मोकळी कुणी सोडली? मीच की."

"मग खरं समदंच सांगायचं. बाईचा हात दुखतोय, म्हणून पट्टा आत न्यायला पायजे."

"तसं सांगितलं असतं, तर त्यानं पट्टा लांबवला असता का बाई बदलली असती?"

तहमीना कारखान्यात काम करते. तिला उत्तर ठाऊक होतं.

अयुबनं पट्ट्याला पुढं एक जीभ काढली. टेम्पो मागं लागला की ती गाडीच्या आत सरकते, आणि बाया ट्रे उचलायच्याऐवजी नुसते ढकलतात. तडकणं थांबलं. सत्यजीत पट्ट्यावर खूश झाला, अयुबवर नाही. दोन्ही शेडची कामं त्यानं पुण्याच्या कुणाला तरी दिली, आणि वर चार लोकांत सांगितलं, की अयुबमामाचा पट्टा आधी फोडतो आन् मग शिकतो. हे बोलणं अयुबच्या आधी गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला लागलं. त्याला ते फार लागलं. आता त्याचं वाक्य ऐकून काहीजण एकमेकांकडं बघून हसतात. तो ते म्हणतो अजूनही, पण पूर्वीपेक्षा जरा हळू.

मग एका बाजारच्या दिवशी सविता यवतला आली. भावाकडं हळद होती, आणि अर्ध्या चुड्यानं मांडवात कशी जाणार? अयुबच्या वर्कशॉपच्या दारातच मदिनाचाचीची बांगड्यांची पेटी असते. सवितानं उजवा हात पुढं केला. सूज उतरली होती, पण पुरती नाही. चाचीनं काही विचारलं नाही. साबणाचा फेस केला, अंगठ्याचं मूळ आत दाबलं आणि एकेक बांगडी सावकाश वर चढवली. तिसरी चढताना पिचली.

सवितानं डाव्या हातानं पैशाची पुरचुंडी काढली.

"ठिव ती," चाची म्हणाली. "माझ्या हातात फुटली. माझी हाय."

"न्हाई चाची. माझाच हात सुजलाय. तुमचा काय दोष त्यात?"

"मी इचारलं का तुला?"

सवितानं मान वर करून आत बघितलं. अयुब पाठमोरा उभा राहून टेपनं लोखंडी पट्टी मोजत होता.

"तुमच्या घरात समद्यांचं असंच हाय," ती म्हणाली.

चाचीला त्यातलं काही कळलं नाही. "आमचं असंच असतं," ती म्हणाली. "तू हात ढिला सोड."

अयुबला मोजलेलं माप आठवेना. त्यानं टेप पुन्हा पहिल्या टोकाला लावली.