पिंपळाखालची खीर

सकाळी दिवा लावायला विहारात गेले, तर मागच्या पिंपळाच्या बुंध्याशी पांढरा थर साचलेला. आधी वाटलं, कुणीतरी चुना टाकलाय. वाकून बघितलं तर शिजलेला तांदूळ, वेलचीचे दाणे आणि मुंग्यांची रांग. खीर होती, आदल्या संध्याकाळची, पौर्णिमेची. वारा अजिबात नव्हता आणि वर पानं सळसळत होती. पिंपळाचं पान तसं हलतंच, मला काय माहीत नाही? पण त्या सकाळी अंगावर सर्रकन काटा आला.

आमची वसाहत दिंडोशीची. पावसाळ्यात वर्षावास असतो, म्हणजे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि दर पौर्णिमेला एका घराने सगळ्यांसाठी खीर करायची. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका वंदना म्हणतो, खीर खातो आणि आपापली वाटी मागच्या नळावर आपणच विसळतो. नळ त्या पिंपळाखालीच आहे.

आदल्या संध्याकाळी पाळी माझ्या शेजारणीची होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा, तो वारला. लहान मुलीला घेऊन ती भाड्याने राहते. ‘साधु साधु साधु’ झालं, वाट्या फिरल्या, आणि सगळ्या एकदमच म्हणाल्या, “छान झालीय हं!” मग माझ्या लक्षात आलं की चमचेच वाजत नाहीयेत. एवढ्या बायका, स्टीलच्या वाट्या, आणि आवाज फक्त माझ्या एकटीच्या चमच्याचा. बाकीच्या वाटी मांडीवर धरून बसलेल्या, तोंडावर सगळ्यांच्या तेच हसू. ती बिचारी पातेलं घेऊन विचारत होती, “अजून वाढू?” सगळ्यांच्या माना एकाच वेळी नाही म्हणून हलल्या.

आता कळलं, खीर कुठे गेली ते. ज्या झाडाला बोधिवृक्ष म्हणून हात जोडायचे, त्याच्याच बुडाशी ओतली बायांनी!

तेवढ्यात घरमालकीण काकू आल्या. शेजारीण यांच्याच खोलीत राहते. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “तू खाल्लीस ना काल? कशाला खाल्लीस गं! तिला तो आजार आहे, एचआयव्ही. माझ्या नणंदेने तिला हॉस्पिटलात त्या गोळ्यांच्या खिडकीपाशी बघितलं. नवरा ट्रकवाला, समजून घे ना. बघ कशी वाळलीये. पुढची पौर्णिमा झाली की खोली खाली करायला सांगणारे मी. जाऊ दे पोरीला घेऊन कुठेपण.”

तिला तो आजार नाही. मला आहे.

शेजारणीला मानेत गाठीचा टीबी झालेला. कोर्स संपत आलाय. टीबीवाल्यांची एचआयव्हीची तपासणीही करतात, ती निगेटिव्ह आली, हे तिनेच मला सांगितलं होतं. टीबीची आणि ह्या आजाराची, दोन्ही खिडक्या एकाच पॅसेजमध्ये, एवढंच. टीबीचंही नाव ती बाहेर काढत नाही, कारण लोक त्यालाही नाक मुरडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि चोर तरी कुठला हो? मला माझ्या नवऱ्याकडून मिळालं. तो काविळीने गेला असं आम्ही सांगितलं. मी रोजची गोळी घेते आणि ठणठणीत आहे. गोळ्या आणायला लांबच्या हॉस्पिटलात जाते आणि बाटलीत कापूस कोंबून ठेवते, खुळखुळू नये म्हणून.

अडाणी म्हणाल, तर ह्या बायका अडाणीही नाहीत. विहाराच्याच हॉलमध्ये आरोग्यवाल्या ताई येऊन सगळं सांगून गेल्या होत्या. “एका ताटात जेवल्याने होतो का?” “नाऽऽही!” “हातात हात घेतल्याने?” “नाऽऽही!” सगळ्यात मोठा आवाज काकूंचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी नको वाटतं. ती जिना चढायला लागली की कठड्यावरचे हात एकेक करून उचलले जायचे. तिने सोडलेला नळ कुणीतरी पदराने बंद करायची. सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहायची. वाकडं कुणी बोलायचं नाही, उलट सगळ्यांचे आवाज गोड झाले होते, आणि त्या गोडव्याचीच मला जास्त भीती वाटायची. त्याच बायका मला खेटून बसायच्या, माझ्या हातचं लोणचं बोटाने चाटायच्या. वाटायचं, मेलेय मी, आणि माझं मयत दुसरीच्याच दारात ठेवलंय.

बोलले तर माझी वाट लागणार, हे दिसतच होतं. मला मूलबाळ नाही. दुखलंखुपलं तर ह्याच बायका धावून येतात. नाही बोलले, तर ती पोरीला घेऊन रस्त्यावर. खूप घाबरले होते मी, खोटं कशाला सांगू!

पुढच्या पौर्णिमेला खीर माझी होती. माझ्या हातची खीर म्हणजे सगळ्या पातेलं खरवडून खातात. त्याही दिवशी चमचे खणखण वाजत होते. काकूंनी दोनदा घेतली. “झकास!” म्हणाल्या. शेजारीण कोपऱ्यात एकटी बसलेली, मुलगी तिच्या मांडीला टेकून हळूहळू खात होती.

मी पळी पातेल्यात ठेवली. “काकू, ज्या आजारावरून तुम्ही हिला घराबाहेर काढताय, तो हिला नाहीये. तो मला आहे. आणि हिला असता, तरी काय? नवरा गेल्यापासून मी तुम्हाला खीर घालतेय. झालं का कुणाला काही?”

चमचे थांबले. इतकं शांत झालं की पिंपळाची पानं आत ऐकू यायला लागली. एक जण तोंडाला पदर लावून नळाकडे पळाली. तिचं ओकणं आम्ही सगळ्यांनी बसून ऐकलं. काकूंची वाटी रिकामी होती. त्या वाटीकडेच बघत राहिल्या.

मी शेजारणीकडे बघितलं. म्हटलं, निदान ही तरी उठून येईल. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मुलीची वाटी हाताने झाकली होती. मुलगी म्हणत होती, “मम्मी, अजून आहे ना.” तिने चमचा काढून घेतला आणि वाटी घेऊन ती मागच्या दाराने गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला खोलीचं काही म्हटलं नाही. ती अजून तिथेच राहते. मला दिसली की मान खाली घालते.

त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावायला गेले होते. पिंपळाखाली ह्या वेळी थर नव्हता. बाकी खीर बायकांच्या पोटात गेली होती, ओकलेलं नळाच्या पाण्यात वाहून गेलं होतं. बुंध्याशी एक छोटासा पांढरा डाग होता, लहान मुलीच्या अर्ध्या वाटीएवढा. संताप आला, रडूही आलं. बादलीभर पाणी ओतून तो धुतला, घरी आले आणि गोळ्यांच्या बाटलीतला कापूस ओढून बाहेर काढला. आता ती वाजते.