आर्वीच्या भिंतीवरच्या चार रिकाम्या जागा

सरांची आणि माझी पहिली भेट एका खोडरबरावरून झाली, आणि ती काही गोड नव्हती. वडिलांच्या बदलीमुळे मी आर्वीच्या शाळेत सातवीत नव्याने आले होते. जुन्या मैत्रिणी सुटल्या होत्या, त्यामुळे सगळ्या जगावर रुसलेली होते. चित्रकलेच्या तासाला मी बैल काढत होते आणि त्याचे मागचे पाय काही केल्या जमत नव्हते. काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. कागदाला भोक पडायच्या बेतात असताना श्री. प्रल्हादराव ताकसांडे सर माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले. त्यांनी खोडरबर उचललं आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकलं.

"पुसून काऊन राह्यली?" ते म्हणाले. "चुकलं तं चुकू दे. त्याच्या बाजूले बरोबर काढ. म्हंजे उद्या तुले दिसन, काय चुकलं होतं ते."

ते खोडरबर मला अजून परत मिळालेलं नाही. सरांच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने मी ते जाहीरपणे मागून ठेवते.

गौरवग्रंथ समितीने लेख मागताना मला फोनवर प्रेमाने बजावलं, "आठवणी लिहा, पण धामवीरांचा वाद नको." सरांवर लिहायचं आणि तो वाद टाळायचा, म्हणजे पुरण काढून घेऊन पुरणपोळी वाढायची. ते मला जमणार नाही. समितीने क्षमा करावी.

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. मी शाळेत होते तेव्हा नागपूरहून मुलांचं एक मासिक निघत असे. त्यात दर महिन्याला सरांची चित्रकथा यायची: 'धामवीर'. आपल्या धाम नदीच्या काठचे चार वीर. पवनारची इंदू, जिला पाण्याची भाषा कळायची. एस.टी.ची कंडक्टर सरू, जिच्या शिटीसरशी चालती वस्तू जागच्या जागी थांबायची. आर्वीच्या बाजार समितीतला हमाल गणपत, जो काहीही उचलायचा. आणि खडू मास्तर, ज्यांनी जमिनीवर खडूने जे काढलं ते खरं व्हायचं. गंमत अशी, की एकट्याने कुणाचंच भागत नसे. पूर येतोय हे इंदू सांगणार, पुराच्या तोंडाशी गेलेली बस सरू थांबवणार, गणपत ती उचलणार आणि मास्तरांनी काढलेल्या पुलावरून पलीकडे नेऊन ठेवणार. सर ही पानं शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात बसून काढत. शाई वाळेपर्यंत पानाजवळ बसून राहायची परवानगी मला होती. माझ्या लहानपणातला तो सर्वांत मोठा मान.

त्या काळात धामवीर किती लाडके होते, हे पाहायचं असेल तर तान्ह्या पोळ्याला आर्वीत यावं लागे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची मुलं लाकडी नंदीबैल सजवून, वेशभूषा करून निघतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ, गोळा करतात. पूर्वी त्यात राजे आणि पोलीस असायचे. मग गल्लोगल्ली चार-चार जणांचे धामवीर दिसू लागले. गणपत व्हायला नेहमी सर्वांत हडकुळा मुलगा हटून बसायचा.

पुढे मासिकाच्या मालकांचं आपसात बिनसलं. दोघे भागीदार वेगळे झाले आणि भांडीकुंडी वाटावीत तसे त्यांनी वीर वाटून घेतले. मासिक आणि त्यासोबत इंदू व सरू एकाकडे राहिल्या. दुसऱ्याने गणपत आणि मास्तर चित्रकथांचे अंक काढणाऱ्या मुंबईच्या एका कार्टून कंपनीला विकले. 'धामवीर' या नावावर दोघांनीही हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत ते नाव कुणीच वापरायचं नाही असं ठरलं. सरांना कुणी विचारलंही नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण अगदी सुरुवातीला प्रकाशकांनी पुढे केलेल्या कागदावर सरांनी न वाचता सही करून दिली होती. "लेकराईसाठी छापून राह्यले, त्याईच्यावर कायले शक करा?" असं त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. सरांच्या आयुष्यातली ही सर्वांत महागात पडलेली चूक. तिच्या बाजूला बरोबर काढायला त्यांना या वाटणीनंतरची सतरा वर्षं लागली.

दोन्ही मालकांनी सरांना आपापल्या वीरांची चित्रं काढायला बोलावलं. सरांचं उत्तर दोघांना एकच होतं. "चौघं असतीन तं काढतो. दोघं काढा म्हनसान तं मले येत नाई."

मुलांचं मन कसं उडतं, हे तेव्हा दिसलं. आता मासिकात सरू शिटी वाजवून बस थांबवायची, आणि पुढे? उचलणारा गणपत दुसऱ्या कंपनीत होता. तिकडे मास्तर सुंदर पूल काढायचे, पण कुठे काढायचा हे सांगायला इंदू नव्हती. कथा लंगडत चालल्या. मुलांना कोर्ट-कचेरी कळत नाही, पण अर्धवट ताट बरोबर कळतं. दोन-तीन वर्षांत तान्ह्या पोळ्यातून धामवीर नाहीसे झाले आणि दप्तरांवर परदेशातले वीर आले. त्यांच्याशी माझं वैर नाही. मला राग होता तो मालकांचा. घरातली माणसं भांडली की पोरं शेजारी जेवायला जातात, एवढंही त्यांना समजू नये?

सर निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी शाळेला भेट म्हणून मैदानाकडच्या भिंतीवर चौघे वीर रंगवले. मागे धाम नदी, झाडं, एस.टी. आणि पुढे माणसाएवढे चौघे. महिन्याभरात मासिकाची नोटीस आली: इंदू आणि सरू पुसा. पाठोपाठ मुंबईची आली: गणपत आणि मास्तर पुसा. सरांनी दोन्ही आज्ञा पाळल्या. ज्या माणसाने आम्हाला कधी खोडरबर वापरू दिलं नाही, तो माणूस चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढला. मी त्या दिवशी आर्वीत होते, आणि मला ते पाहवलं नाही. पण सरांनी पुसलं ते नेमकं कडेकडेने. नदी तशीच, झाडं तशीच, आणि मधे माणसाच्या आकाराच्या चार पांढऱ्या जागा. हेडमास्तर म्हणाले, "सर, हे अर्धवट दिसते, सगळंच पुसून टाका." सर म्हणाले, "जागेवर कोनाचा हक्क नाई, साहेब. राहू द्या."

आता माझ्या अपराधाकडे येते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत मासिकाने मला इंदू-सरू काढायची नोकरी देऊ केली आणि मी ती घेतली. सरांना सांगितलं नाही. नोकरी हवी होती हे खरं, आणि ते वीर माझ्या हातून उतरावेत असा लोभही होता हे त्याहून खरं. पहिला अंक निघाला आणि आठव्या दिवशी कार्यालयात माझ्या नावाने पोस्टकार्ड आलं. अक्षर सरांचं होतं. शिव्या असतील असं वाटलं. कार्डावर सरूचा हात काढलेला होता, आणि खाली दोन ओळी: "सरू डावखुरी हाय. दोघाईची जागा सोडजो."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि कार्यालयातच रडले. पुढच्या अंकापासून मी प्रत्येक चौकटीत इंदू आणि सरूच्या शेजारी दोन माणसं मावतील एवढी कोरी जागा सोडू लागले. संपादकांनी विचारलं, ही कसली? म्हटलं, हवा खेळती राहते. कोऱ्या कागदाविरुद्ध त्यांना काही बोलता येईना. पोस्टकार्डं मात्र दर महिन्याला येतच राहिली: इंदूची वेणी आखूड झाली, एस.टी.ची पायरी फार उंच आहे, म्हातारी चढणार कशी.

दोन वर्षांनी धीर करून मी सरांच्या घरी गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर सरांनी विचारलं, "तू नसतं काढलं तं दुसऱ्या कोनी काढलं असतं. सरू डावखुरी हाय हे त्याले कोनं सांगतलं असतं?" विषय संपला. आतून सरांच्या पत्नी कमलकाकूंचा आवाज आला, "तुयाच्यापायी, बाई, पोस्टकार्ड आनू आनू माह्या चपला झिजल्या. आन् तुले एकटीलेच थोडे धाडते हे? मुंबईच्या पोरालेबी धाडते."

मुंबईचा पोरगा म्हणजे निखिल, गणपत-मास्तर काढणारा त्या कंपनीचा चित्रकार. ज्याला मी वैरी समजत होते, त्याचा गणपतही डाव्या बाजूला दोन माणसांची जागा सोडून उभा राहत होता. मी त्याला फोन केला. तो आधी बिचकला आणि मग म्हणाला, "तुम्हालाही येतात का हो ती कार्डं?" दोन कंपन्या कोर्टात एकमेकींची तोंडं पाहत नव्हत्या, आणि आर्वीचे एक निवृत्त मास्तर दोघींचीही चित्रं घरबसल्या दुरुस्त करत होते.

मग एक दिवस केळझरच्या एका शिक्षिकांनी शाळेतल्या जुन्या अंकांचा गठ्ठा मला पाठवला. सोबत चिठ्ठी: मुलं पुस्तकं खराब करतात, काय करावं? मी अंक उघडले. मी सोडलेल्या प्रत्येक जागेत कुणीतरी पेन्सिलने गणपत आणि मास्तर काढले होते. काही ठिकाणी गणपतला सहा बोटं होती. एका पानावर मास्तरांना मिशा होत्या आणि शेजारी दुसऱ्या हाताने लिहिलं होतं, "मास्तरले मिश्या नाई." पण प्रत्येक पानावर चौघे होते. आम्ही समजत होतो, मुलांनी धामवीरांना टाकलं. मुलांनी फक्त अर्धे धामवीर टाकले होते.

निखिलच्या कंपनीलाही असे अंक येऊ लागले. तरी मालक हलेनात. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या कंपनीचे एक अधिकारी सरांची साक्ष घ्यायला आर्वीला आले. दिवस नेमका तान्ह्या पोळ्याचा. सर शाळेच्या मैदानात होते, म्हणून साहेब बॅग घेऊन तिथे आले. भिंतीपाशी मुलांची रांग लागली होती. चौघा-चौघांनी त्या पांढऱ्या जागांत उभं राहून फोटो काढायचा, ही रीत तोवर पडून गेली होती. तिघीच असलेल्या मुली खोळंबल्या होत्या. त्यांतली खाकी शर्ट घातलेली एक साहेबांपाशी आली.

"काका, आमाले एक गणपत कमी हाय. उभे राहा ना."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "राहा उभे. साक्ष मंग घेजा." साहेब बॅग खाली ठेवून, टाय नीट करून गणपतच्या जागेत उभे राहिले. एका मुलीने त्यांच्या हातात आपला लाकडी नंदी दिला. गणपतने काहीतरी उचललेलं हवं ना! तो फोटो माझ्याकडे आहे. साहेब हसत आहेत. साक्ष त्या दिवशी झालीच नाही. सरांनी एवढंच सांगितलं, "सही मी केली, तवा हे चौघं माहे नाईत. पन तुमचेबी नाईत. या पोरीईले इचारा."

त्या फोटोने तंटा मिटला असं म्हटलं तर वकील मंडळी हसतील. तडजोडीला त्यानंतरही दोन वर्षं गेली. पण साहेबांनी फोटो आणि पेन्सिलचे अंक दोन्ही मालकांपुढे ठेवले, आणि बोलणी तिथून सुरू झाली हे मला ठाऊक आहे. यंदा चौघांचा एकत्र पहिला अंक निघाला. इंदू-सरू मी काढल्या, गणपत-मास्तर निखिलने. वर 'धामवीर' हे नाव आहे आणि त्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा, निर्माते म्हणून सरांचं नाव आहे. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आर्वीत धामवीरांच्या किती चौकड्या होत्या, ते मोजायचा मी नाद सोडला.

अंक घेऊन आम्ही दोघं सरांकडे गेलो. सरांचा हात आता थरथरतो. रविवारी ते बुद्धविहारात मुलांना चित्रकला शिकवतात, पण फळ्यावर रेघ मुलांकडूनच काढून घेतात. त्यांनी अंक पानापानाने पाहिला. चौघे एका चौकटीत उभे होते, तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी म्हटलं, "सर, आता भिंतीवरचे चौघे भरून टाकू. आम्ही रंगवतो, तुम्ही फक्त सांगा."

"नोको," सर म्हणाले. "भरल्या भिंतीत लेकरू कुठं उभं राहीन?"

सर, तुमच्याकडून मी चित्रकला थोडी शिकले, पण जागा सोडायला पुरती शिकले. म्हणून या लेखाखाली चार बोटं जागा कोरी ठेवायला मी समितीला सांगितलं आहे. लेखात चुका असणारच. त्या पुसू नका, बाजूला बरोबर लिहा, आणि आठव्या दिवशी पोस्टकार्ड धाडा. माझी सरू अजूनही कधीकधी उजव्या हाताने शिटी वाजवते. माझा हात सुधारायला आणखी पंचवीस वर्षं तरी लागतील, आणि तेवढी वर्षं तुम्ही धडधाकट, खणखणीत राहायचं आहे. काकूंना नव्या चपला मी आणते.